चालता चालता कोड लिहिणारी लायब्ररी : आयआयटी मुंबईची ‘कंपाइल’

माजलगाव धरणाचे दरवाजे उघडल्यावर पाणी सिंदफणेच्या पात्रात कसं पसरेल, हे दिंद्रुडच्या एखाद्या विद्यार्थिनीला कॉम्प्युटरवर पाहायचंय, असं समजा. एक पद्धत अशी: पाणी लाखो कणांचं आहे असं मानायचं आणि प्रत्येक कणावर शेजारच्या कणांचा परिणाम क्षणाक्षणाला मोजायचा. या पद्धतीला एसपीएच म्हणतात. समीकरणं चार ओळींची, पण आकडेमोड प्रचंड.

अडचण भाषेची आहे. पायथन सोपी, पण अशा कामात रखडते. सी वेगवान, पण किचकट. ग्राफिक्स कार्ड वापरायचं तर तेच पुन्हा ओपनसीएल किंवा कुडामध्ये लिहा. म्हणजे चूक सापडली की तीन ठिकाणी दुरुस्ती.

आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातले प्रा. प्रभू रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी एसपीएचसाठी ‘पायएसपीएच’ हे सॉफ्टवेअर तयार केलं. त्यातला कोड तयार करणारा भाग पुढे ‘कंपाइल’ नावाची स्वतंत्र, मोफत लायब्ररी झाला. (स्पेलिंगमध्ये ‘आय’च्या जागी ‘वाय’ आहे, शोधताना लक्षात ठेवा.)

तुम्ही पायथनमध्ये साधं फंक्शन लिहायचं आणि कोणता आकडा पूर्णांक, कोणता दशांश ते सांगायचं. प्रोग्राम सुरू झाला की लायब्ररी त्या फंक्शनचा मजकूर वाचते, त्यावरून वेगवान भाषेतला कोड लिहिते, तिथल्या तिथे कंपायलरकडून तयार करून घेते आणि चालू प्रोग्रामला जोडते. पहिल्या वेळी थांबावं लागतं. प्रोसेसरसाठीचा तयार भाग मात्र जपून ठेवला जातो, त्यामुळे कोड बदलला नाही तर पुढच्या वेळी ते काम वाचतं.

हा कोड आधीच का लिहून ठेवत नाहीत? कारण कोणती समीकरणं निवडली आणि मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड आहे का, हे चालवतानाच कळतं. पायथनचा स्वतःचा ‘डेटाक्लास’ही, 2018च्या 3.7 आवृत्तीपासून, याच युक्तीने आपल्यासाठी फंक्शन लिहून देतो.

फुकट काहीच नसतं. अशा फंक्शनमध्ये पायथनची लिस्ट, डिक्शनरी चालत नाही. चूक झाली तर संदेश कधी कधी आपण न लिहिलेल्याच ओळीकडे बोट दाखवतो, आणि नवखा माणूस तिथेच कंटाळतो. मशीनवर कंपायलरही हवा. विंडोजवर तो सहसा वेगळा टाकावा लागतो.

पण एवढं जमलं, तर साध्या लॅपटॉपवर तेच फंक्शन प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर चालतं. उद्या कॉलेजात ग्राफिक्स कार्डवालं मशीन मिळालं, तरी समीकरणाला हात लावावा लागत नाही.