गुडघ्याची तक्रार, खुब्याचा आजार

सुमारे वीस वर्षांपूर्वी बेळगावजवळच्या एका खेड्यातील आजी आपल्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, पोरगं संध्याकाळच्याला लंगडतंय बघा, गुडघा धरून बसतंय," असे त्यांनी सांगितले. मी गुडघा तपासला, गुडघ्याचाच एक्स-रे काढला. तो निर्दोष निघाला. खेळताना मुरगळले असावे असे समजून मलम व कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

चार महिन्यांनी मूल परत आले तेव्हा मांडी बारीक झाली होती. या वेळी मी खुबा तपासला. पाय बाहेर फाकवता येत नव्हता, आत वळत नव्हता. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचे डोके चपटे झालेले व तुकडे पडल्यासारखे दिसले. हा 'पर्थेस' आजार होता. खुब्याची वेदना संवेदनामज्जातंतूंच्या सामाईक मार्गामुळे गुडघ्यात जाणवते, हे मी शिकलो होतो. ऐन वेळी विसरलो.

१९१० साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्वे व जर्मनीत पर्थेस यांनी स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन केले. त्यापूर्वी असे अनेक रुग्ण खुब्याच्या क्षयाचेच समजले जात. आजार विरळ आहे. चार ते आठ वर्षांच्या मुलांत तो अधिक आढळतो. मुलींच्या तुलनेत मुलग्यांत चार-पाच पट. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर त्याचे प्रमाण अधिक असल्याचे मणिपालच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी नोंदवले आहे. म्हणून आपल्या भागात त्याची आठवण ठेवणे अगत्याचे.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा काही काळ खंडित होतो व तेथील हाड मृत होते. असे का घडते, याचे निश्चित उत्तर अद्याप मिळालेले नाही. पुढे शरीर मृत हाड शोषून घेते व नवे हाड घडवते. या क्रमास दोन ते चार वर्षे लागतात. तोवर डोके मऊ असते आणि ओल्या मडक्याप्रमाणे मिळेल त्या आधाराचा आकार घेते. ते उखळीत नीट बसलेले राहावे, हेच उपचाराचे सूत्र. त्यासाठी उड्या-धावणे बंद, व्यायाम, प्लास्टर, तर काहींना शस्त्रक्रिया. सहा वर्षांच्या आत आजार झाल्यास बहुधा चांगली सुधारणा होते. आठ वर्षांनंतर मार्ग अवघड असतो. डोके चपटे होण्याआधीच उपचार सुरू झाले तर लाभ अधिक.

पालकांनी मुलाचे लंगडणे पंधरा दिवसांहून अधिक टिकल्यास त्याला खोडी समजू नये. लंगडण्यासोबत ताप असेल व मूल पाय टेकत नसेल, तर सांध्यात पू झाल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की गुडघा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा तपासावा. सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष असू शकतो. तक्रार राहिल्यास काही आठवड्यांनी पुन्हा काढावा अथवा एमआरआय करावा.

त्या मुलावर पुढे शस्त्रक्रिया झाली. आज तो नोकरी करतो, मोटारसायकल चालवतो. मात्र त्याला मांडी घालून बसता येत नाही. गेल्या वर्षी त्याच्या लग्नात सारे पंगतीला बसले आणि नवरदेवासाठी खुर्ची मांडली गेली. त्याने हसून मला शेजारी बोलावले. ते चार महिने मला तेव्हा पुन्हा आठवले.