आमच्या घरातील दोन याद्या



'आम्हा उभयतांचे आवडते चित्रपट' हा विषय कार्यकारिणीने सुचवला, तेव्हा तो या व्यासपीठाला शोभेल की नाही, अशी शंका प्रथम मनात आली. येथे अर्थशास्त्र, वेदान्त, धरणे आणि दुष्काळ यांवर विद्वानांनी बोलावे, असा प्रघात आहे. परंतु पुढे वाटले की, मनुष्य वेदान्त वर्षातून एकदा ऐकतो आणि चित्रपट महिन्यातून चारदा पाहतो. तेव्हा जी गोष्ट आपण इतक्या वेळा करतो तिच्याविषयी एखादी संध्याकाळ विचार करायला हरकत नसावी. शिवाय, एखादी गोष्ट आपल्याला का आवडते, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. नवऱ्याला एक आवडते आणि बायकोला दुसरेच आवडते, हे लक्षात आल्यावर तर मुळीच सोपे राहत नाही.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. उत्तम चित्रपट वेगळा आणि आवडता चित्रपट वेगळा. 'साईट अँड साउंड' हे इंग्लंडातले नियतकालिक १९५२ सालापासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेते. पहिल्या खेपेस इटलीचा 'बायसिकल थीव्ज' पहिला आला. १९६२ पासून २००२ पर्यंत 'सिटिझन केन' पहिल्या जागेवरून हलला नाही. २०१२ साली हिचकॉकचा 'व्हर्टिगो' तेथे जाऊन बसला, आणि २०२२ साली शांताल आकेरमान या बाईंचा, एका गृहिणीचे तीन दिवस तीन तासांहून अधिक वेळ शांतपणे दाखवणारा चित्रपट सर्वांच्या पुढे गेला. चित्रपट तेच होते, पाहणारे बदलले. जाणत्यांच्या 'उत्तम' या कल्पनेचीही ही अवस्था. आवडत्याचे तसे नसते. आवडत्या चित्रपटाला कोणाच्या मताची गरज लागत नाही. तो रात्री साडेनऊला दूरदर्शनवर लागलेला दिसला की उद्या पहाटे उठायचे आहे हे ठाऊक असूनही आपण बसून राहतो, एवढीच त्याची कसोटी.

आम्ही दोघांनी ही कसोटी लावून, एकमेकांच्या कागदाकडे न पाहता, पाच-पाच नावे लिहून काढली. माझी यादी अशी : 'कुंकू', 'संत तुकाराम', 'शेजारी', जपानचा 'टोकियो स्टोरी' आणि 'फँड्री'. सौ.ची यादी : 'संत तुकाराम', 'फँड्री', 'उंबरठा', 'पथेर पांचाली' आणि 'प्यासा'. 'श्यामची आई' दोन्ही यादींत नाही, याचे कोणाला नवल वाटेल. आचार्य अत्र्यांच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, वनमालाबाईंचे काम अद्वितीय आहे, हे सारे मान्य. पण सौ. म्हणते, "तो बघायचा म्हणजे दोन रुमाल घेऊन बसावं लागतं. रात्री साडेनऊला कोण बसणार?" कसोटी ती कसोटी.

दोघांच्याही कागदावर 'संत तुकाराम' निघाला, तेव्हा मला वाटले की येथे तरी मतभेद नाही. बोलू लागल्यावर कळले की आम्ही दोघे दोन निराळे चित्रपट पाहत आलो आहोत.

दामले-फत्तेलाल यांचा हा बोलपट १९३६ सालचा. प्रभात कंपनी कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. तेथे हे चित्र तयार झाले. मुंबईस ते वर्षाहून अधिक काळ चालले आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा खास गौरव झाला. विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट. असा मृदू मनुष्य तुकोबा कसा होणार, अशी शंका त्या वेळी काहींना होती. पण पागनिसांनी तुकोबांचा अभिनय केलाच नाही. ते गाऊ लागतात आणि आपण विसरतो. माझ्या यादीत हे चित्र आहे ते या गाण्यासाठी. त्यातली एक रचना शांताराम आठवल्यांची. ती तुकोबांचीच समजून लोक गाथेत शोधू लागले, असे सांगतात. कवीला याहून मोठी पावती कोणती मिळणार?

सौ.चा तुकाराम मात्र निराळा. तिच्या मते हे चित्र आवलीचे आहे. गौरीबाईंची आवली आठवा. घरात धान्य नाही, मूल तापाने फणफणले आहे आणि नवरा विठ्ठलापुढे उभा. ती मुलाला एका हाताने ओढत आणि दुसऱ्या हातात जोडा घेऊन देवळात जाते. भक्त नवऱ्याला सोडून थेट देवालाच जाब विचारते. मी हा प्रसंग विनोदी समजून हसत आलो. सौ. कधी हसत नाही. तिचे म्हणणे असे की, त्या घरात देवाशी समोरासमोर बोलणारे माणूस खरे तर तेच एक. तुकोबा देवाची स्तुती करतात, मंबाजीसारखा दांभिक सालोमालो देवाचे नाव विकतो. आवली मात्र विठ्ठलाला घरातला कर्ता पुरुष समजून भांडते. आणि शेवटी विमान येते तेव्हा तुकोबा जातात, ती मागे राहते. पोरे कोणी बघायची?

आता हे ध्यानात घ्या की दिग्दर्शकांनी आवलीला मूर्ख ठरवलेले नाही. संतचरित्रावरच्या चित्रपटात संताच्या बायकोला कजाग दाखवून प्रेक्षकांची सहानुभूती संताकडे वळवणे सोपे होते. दामले-फत्तेलालांनी तिला शेण, म्हैस, चूल आणि मुले यांच्यामध्ये उभे केले आणि तिच्या प्रत्येक शिवीला सबळ कारण दिले. त्यामुळे एकाच चित्रात भक्ती आणि संसार दोघांचीही बाजू खरी ठरते, आणि एकाच घरातली दोन माणसे ते चित्र दोन बाजूंनी पाहू शकतात. पुन्हा पुन्हा पाहिले जाणारे चित्रपट बहुधा अशा प्रकारचे असतात.

'कुंकू'वर मात्र आमचे खरे भांडण आहे, आणि ते आज पन्नास वर्षांत मिटलेले नाही.

ना. ह. आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी. तिच्यावरून शांतारामबापूंनी १९३७ साली हा चित्रपट काढला. नीरा या तरुण मुलीला फसवून वृद्ध वकील काकासाहेबांच्या गळ्यात बांधतात. ती रडत बसत नाही. मी या माणसाची बायको नाही, असे ठणकावून सांगते आणि तसे वागते. शांता आपटे यांनी हे काम केले. केशवराव दाते काकासाहेब झाले. काकासाहेबांच्या समाजसेविका कन्येचे काम शकुंतलाबाई परांजपे यांनी केले, ज्या पुढे प्रत्यक्ष आयुष्यातही संततिनियमनाच्या प्रचारासाठी झटल्या.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. आज ज्यांना प्रत्येक अश्रूमागे वीस व्हायोलिने ऐकण्याची सवय झाली आहे, त्यांनी तो अवश्य पाहावा. देखाव्यात जी वस्तू आहे तिचाच आवाज येतो. पावले वाजतात, भांडी वाजतात, घड्याळ वाजते. नीरा गाते तेव्हाही साथीला तबकडी किंवा घरातली वस्तू असते. लाँगफेलोची इंग्रजी कविता ती तशीच म्हणते. संगीत काढून घेतल्याने काय होते? आपल्याला काय वाटावे हे सांगणारे कोणी उरत नाही. वृद्ध नवरा आणि तरुण बायको एका खोलीत गप्प बसली आहेत, आणि ती शांतता आपल्यालाच सोसावी लागते. बोलपट येऊन सहाच वर्षे झाली होती आणि एवढ्यात आमच्या माणसांनी शांततेचा उपयोग ओळखला होता, याचा मला अभिमान वाटतो.

भांडण शेवटावरून आहे. काकासाहेबांना आपला अन्याय उमगतो. ते नीरेला मुलीसमान मानू लागतात, तिने दुसरा विवाह करावा असे पत्र लिहून ठेवतात आणि आत्महत्या करतात. मला केशवरावांची ही अखेर फार थोर वाटते. खलपुरुष म्हणून ज्याला रंगवणे सोपे होते त्याला लेखकाने आणि नटाने माणूस केले. त्याने आपली शिक्षा आपणच ठरवली. यावर सौ. म्हणते, "अहो, तेच तर! लग्न त्यांनी ठरवलं, मुलगी मानायचं त्यांनी ठरवलं, सुटका कशी करायची तेही त्यांनीच ठरवलं. तिला कोणी विचारलं? आणि कपाळावरचं कुंकू पुसायला तीच." मी म्हणतो की १९३७ साली घटस्फोटाचा कायदा हिंदू स्त्रीला उपलब्ध नव्हता, तो सर्व देशात १९५५ साली आला. मृत्यूखेरीज त्या गाठीची सुटका कथेत दाखवणार कशी? ती म्हणते, कायदा नव्हता हे कबूल. पण मग त्याला थोर म्हणू नका, निरुपाय म्हणा. श्रोतेहो, हा फरक लहान नाही. मी माझे मत बदललेले नाही. परंतु ते चित्र पाहताना आता शेवटच्या पत्राच्या वेळी मी दात्यांच्याऐवजी शांताबाईंकडे पाहतो.

यावरून 'उंबरठा' तिच्या यादीत का, हे आपण ओळखले असेल. शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, साल १९८२. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन मुलीला जावेच्या हवाली करून परगावी महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. परत येते तेव्हा नवऱ्याने दुसरीकडे संबंध जोडलेला असतो, आणि तो ते सांगतो जणू घरातले फर्निचर बदलले. ती पुन्हा बाहेर पडते. आम्ही हे चित्र थिएटरात पाहिले तेव्हा मध्यंतरात आमच्या मागे बसलेले एक गृहस्थ "ही कसली आई?" असे मोठ्याने म्हणाले. त्यांच्या पत्नी काहीच बोलल्या नाहीत. सौ.ने तेवढे लक्षात ठेवले आहे. नवरा परगावी नोकरीस गेला तर त्याला कोणी "हा कसला बाप?" म्हणत नाही, असे तिचे म्हणणे, आणि यावर मला उत्तर सापडलेले नाही.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. 'शेजारी' (१९४१) माझ्याकडे आहे तो दोन म्हाताऱ्या मित्रांसाठी. मराठीत हिंदूचे काम केशवरावांनी आणि मुसलमानाचे गजानन जागीरदारांनी केले. हिंदी 'पडोसी'त मुसलमान जागीरदारच राहिले, आणि हिंदूची भूमिका मझहर खान या मुसलमान नटाकडे गेली. त्यानंतर सहा वर्षांत देशात काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. 'टोकियो स्टोरी' (१९५३) हा ओझू यांचा चित्रपट. आईबाप शहरात मुलांकडे जातात आणि मुलांना वेळ नसतो, एवढीच कथा. कॅमेरा मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेइतका खाली ठेवलेला, त्यामुळे आपण त्यांच्या चटईवर येऊन बसल्यासारखे होते. मुले परदेशी असलेल्या घरांत तो पाहवत नाही, एवढेच सांगतो. 'पथेर पांचाली'त हरिहर दुर्गेसाठी लुगडे घेऊन येतो, ती आता नाही हे त्याला माहीत नसते. सर्बजया टाहो फोडते, पण आपल्याला तिचा आवाज ऐकू न येता तारशहनाई ऐकू येते. 'कुंकू'त संगीत काढून जे साधले, ते सत्यजित रायांनी रविशंकरांच्या संगीताकडून येथे आवाज काढून साधले. 'प्यासा'विषयी सौ.ला विचारले तर ती गाणी गुणगुणू लागते आणि चर्चा संपते.

आता एक निराळी गोष्ट, जिच्यावाचून हा विषय पुरा होत नाही. आवडत्या चित्रपटांची यादी आपण करतो, परंतु ती खरे म्हणजे वाचलेल्या चित्रपटांतून करतो. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' लागला. हा भारतातला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळात या देशात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतले पूर्ण वा तुकड्यांनी उरलेले तीसही भरत नाहीत. कोणाच्या तरी आजीआजोबांचा आवडता चित्रपट त्यात असणारच.

असे का झाले? १९५० च्या सुमारापर्यंत फिल्मची पट्टी नायट्रो-सेल्युलोजची असे. हा पदार्थ रसायनशास्त्राच्या दृष्टीने स्फोटक कापसाचा भाऊ. जळताना लागणारा प्राणवायू त्याच्या अंगातच असतो, म्हणून एकदा पेटला की पाणी ओतूनही विझत नाही. न पेटला तरी उष्ण आणि दमट हवेत तो हळूहळू कुजतो, चिकट होतो, शेवटी त्याची पूड होते. त्यातून फिल्मवर चांदी असते. चित्रपट चालेनासा झाला की पट्ट्या धुऊन चांदी काढून विकण्याचा धंदा चाले. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून डबे गोळा केले, तेव्हा कोठे उरलेसुरले हाती आले. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रफिती जळून गेल्या. ज्यांच्या प्रती आधी सुरक्षित पट्टीवर उतरवून घेतल्या होत्या, ते चित्रपट राहिले. सौ.च्या आवलीचे आजचे अस्तित्व अशा प्रतींवर उभे आहे. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल, तर तो उघडून, आंबट वास येतो का ते पाहून, टाकून न देता संग्रहालयाला कळवावे. आंबट वास हे नंतरच्या ॲसिटेट पट्टीच्या कुजण्याचे लक्षण आहे.

राहिला 'फँड्री'. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा चित्रपट. दोघांच्याही यादीत आहे आणि येथे मात्र आम्ही एकच चित्रपट पाहतो. गावातले डुक्कर धरण्याचे काम जब्याच्या घरावर येते. शाळेतली मुले, त्यांत त्याला आवडणारी मुलगी, तमाशा बघतात. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. पुढे ते उलटे टांगून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर समाजसुधारकांची चित्रे दिसतात. येथेही दिग्दर्शक काही बोलत नाही. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो.

चित्रपट संपल्यावर आम्ही दोघे बराच वेळ उठलो नाही. मग मी विचारले, "रात्री साडेनऊला लागला तर बघशील?" ती म्हणाली, "बघीन. दगड लागेपर्यंत बघीन." तिने तो दुसरा लिहिला आहे आणि मी पाचवा, या क्रमावरून आमचे अजून बोलणे चालू आहे.