अग्निशमनाचे प्रमाणपत्र : खर्च आणि मोल

14 एप्रिल 1944 रोजी मुंबई गोदीतील स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. 24 मे 2019 रोजी सुरतेत शिकवणी वर्गाच्या इमारतीस आग लागून 22 जीव गेले. त्यांत बहुतेक विद्यार्थीच होते. या विद्येची गरज निर्विवाद आहे. परंतु गरज विद्येची आहे, नुसत्या कागदाची नव्हे.

आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाने खर्च मोजताना शुल्कात निवास, भोजन आणि त्या काळात बुडणारी मिळकतही धरावी. मग तीन प्रश्न विचारावेत. इच्छित नोकरीच्या जाहिरातीत हा अभ्यासक्रम पात्रता म्हणून नमूद असतो काय? उंची, छाती व दृष्टी यांच्या अटी आपण पूर्ण करतो काय? शिडी, पाण्याचे होज व श्वसनयंत्र प्रत्यक्ष हाताळावयास मिळतात काय? 1956 साली स्थापन झालेले, केंद्र सरकारचे नागपूर येथील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय तुलनेसाठी डोळ्यांसमोर ठेवावे.

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यास कर्ज काढू नये. पैसे भरण्यापूर्वी गावच्या अग्निशमन केंद्रावर जाऊन विचारावे. तेथील अनुभवी जवानाचा सल्ला विनामूल्य असतो, आणि जाहिरातीहून अधिक विश्वासार्ह.