उद्याचा प्रपंच – लेखांक सहावा : पाण्याची खतावणी

वाढत्या उष्म्यामुळे घराची छपरे आणि कामाच्या वेळा कशा पालटतील, याचा विचार आपण मागील लेखांकात केला. आज त्याच घराच्या मोरीत डोकावयाचे आहे. त्यासाठी कल्पनाशक्तीला फारसा ताण द्यावा लागत नाही, कारण 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराने या भविष्याची रंगीत तालीम करूनच ठेवली आहे. मांजरा धरण आटले, पाणवठ्यांवर दंगे होऊ नयेत म्हणून कलम 144 अन्वये जमावबंदीचा हुकूम निघाला, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरात दाखल झाली. पहिल्या खेपेच्या 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते; 2011 च्या जनगणनेप्रमाणे पावणेचार लाखांहून अधिक वस्तीच्या त्या शहरात ते माणशी दीड लिटरही भरत नव्हते. पुढे वाघिणी 50 झाल्या, पावसाळा आला आणि आणीबाणी सरली.

आता अशी कल्पना करा, की ती सरली नाही, रुळली. 2050 च्या सुमारास मराठवाड्यातील एखाद्या घरात बाजेवर बसून स्नान होते, खाली ठेवलेल्या घमेल्यातील पाण्याने फरशी पुसली जाते आणि उरलेले शौचकुपात जाते. पाहुणा मुक्कामास राहणार असेल, तर त्याच्या वाट्याचे पाणी आधी नोंदवावे लागते. सोयरीक ठरविताना मुलाच्या पगाराबरोबर त्याच्या वस्तीच्या पाण्याचीही चौकशी होते. माणूस या काटकसरीस लवकर सरावतो. खरा पेच निराळा आहे : वाटा ठरवावयाचा तो कोणत्या मापाने? ज्याची जमीन अधिक किंवा ज्याची कूपनलिका खोल, त्याचे पाणी अधिक, हा आजचा रिवाज. म्हणूनच ज्या मांजरा खोऱ्यात घागरींच्या रांगा लागल्या, तेथेच उसाचे फडही उभे होते.

दुसरे माप आपल्याच मुलखात वापरून झालेले आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने वाटा जमिनीवर न ठरविता माणसांवर ठरविला : माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते पाणी. भूमिहीनालाही त्यात हक्क होता, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे, आणि उसाला मनाई होती. धुळे-नाशिककडील, पाटाचे पाणी सामुदायिकपणे वाटून घेण्याच्या फड पद्धतीत तर पाटकरी, हवालदार आणि जागल्या असा चोख बंदोबस्तच असे.

हे नियम टिकले ते गाव लहान होते, पाट डोळ्यांसमोर होता आणि कोणी किती पाणी घेतले हे शेजाऱ्याला दिसत होते म्हणून. शहरातील नळ भिंतीआडून येतो आणि टँकरचा हिशेब कोणाच्याच दप्तरी पुरता लागत नाही. तेव्हा उद्याच्या नगरपालिकेने प्रत्येक वस्तीस, कारखान्यास आणि शेतास दिलेल्या पाण्याची खतावणी चावडीवर वाचून दाखविल्यावाचून माणशी वाट्याची भाषा पोकळच राहील. गरिबाने घमेल्यात स्नान करावे आणि श्रीमंताने टँकर मागवावा, ही व्यवस्था आणावयास कोणत्याही कायद्याची गरज नाही. ती आपोआपच येते. रोखावयाची असल्यास मात्र खतावणी दुष्काळापूर्वी, धरण भरलेले असतानाच उघडावी लागेल. पुढील लेखांकात अशा घराच्या ताटात काय पडेल, ते पाहू.