जुनी कॅसेट, रबरी भूत आणि आपले घर

पावसाळा संपला की लोखंडी पेट्या उन्हात काढण्याची आमच्या घरात पद्धत आहे. यंदा पेटी उघडली तर गोधड्यांखालून तीन व्हिडिओ कॅसेट निघाल्या. एकीच्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली, दुसरीचे झाकण तुटलेले आणि तिसरीवर निळ्या शाईने लिहिलेले, 'पुराना मंदिर'. आठवीतल्या आमच्या मुलीने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, "बाबा, ही लावतात कुठे?" उत्तर द्यायला आम्ही बसलो आणि सगळी संध्याकाळ त्यातच गेली. जे घरात सांगितले तेच आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

वर्गणीचा व्हीसीआर

साल १९९१. आपला नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आमच्या वस्तीत बाजारात हमाली करणारे होते, रेल्वेत गँगमन होते आणि बऱ्याच बायामाणसे मिरचीच्या पथारीवर कामाला जात. संध्याकाळी त्या घरी आल्या की अंगणभर ठसका उठे. वस्तीत रंगीत टी.व्ही. एकाकडेही नव्हता. देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले खरे, पण आमच्या गल्लीपर्यंत तो रंग भाड्यानेच आला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरटी वर्गणी निघे. शनिवारी रात्री दुकानाचा पोऱ्या हातगाडीवर टी.व्ही., व्हीसीआर आणि तीन कॅसेट घेऊन येई. गल्लीत बाजेवर टी.व्ही. मांडला जाई. पुढे पोरे, मागे बायका, कडेला भिंतीला टेकून पुरुष. पहिली कॅसेट म्हाताऱ्यांच्या पसंतीची, दुसरी मारामारीची आणि मध्यरात्रीनंतर लागायची ती भुताची! चित्राला आडव्या रेघा आल्या की ट्रॅकिंगचे बटण फिरवायचे. तरीही चित्र हलले की पोऱ्या व्हीसीआरचे झाकण उघडून कोऱ्या करकरीत नोटेने हेड पुसायचा. तेवढ्यात लाईट गेली तर सगळी वस्ती लाईट येईपर्यंत जागच्या जागी बसून राहायची. उठले तर जागा जाईल ना!

त्या भुताच्या सिनेमांना आम्ही पोरे 'रामसेचे पिक्चर' म्हणत असू. आता खरे सांगायचे तर हे सिनेमे 'ए' प्रमाणपत्राचे, म्हणजे फक्त प्रौढांसाठी होते. आम्ही पाहायला बसायलाच नको होते. त्यात अंघोळीची दृश्ये विनाकारण घुसडलेली असत. अशा वेळी आमचे एक काका व्हीसीआरजवळ सरकत आणि फॉरवर्डचे बटण दाबून धरत. पडद्यावरची माणसे तुरुतुरु पळू लागली की सगळी गल्ली हसायची. आमचे सेन्सॉर बोर्ड ते हेच.

सात भावांचा कारखाना

हे रामसे कोण? कुणी इंग्रज साहेब असावा असे आम्हाला वाटे. पुढे वाचनात आले ते मोठे गमतीचे आहे. फत्तेचंद रामसिंघानी यांचे फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेवर 'रामसिंघानी' बसेना, म्हणून ते 'रामसे' झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले आणि पुढे सिनेमाच्या धंद्यात पडले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा सिनेमा आला आणि आपटला. पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात ते दृश्य लोकांना आवडल्याचे त्यांच्या मुलांनी हेरले. लोक घाबरायला पैसे देतात, मग पूर्ण सिनेमाच भीतीचा का काढू नये?

मुले सात : कुमार, तुलसी, श्याम, केशू, अर्जुन, गंगू आणि किरण. कुणी लिखाण पाहिले, कुणी दिग्दर्शन, कुणी संकलन. गंगूने कॅमेरा धरला, किरणने आवाज सांभाळला. 'दो गज जमीन के नीचे' हा १९७२ चा सिनेमा त्यांनी महाबळेश्वरला जाऊन केला. सारे कुटुंबच सोबत गेले. घरच्या बायकांनी स्वयंपाकही केला आणि मेकअपला हातही लावला. मोठे नट नाहीत, मोठा सेट नाही. जे आहे त्यात भागवायचे. धूर सोडायचा, निळा-तांबडा उजेड टाकायचा, दरवाजा करकरवायचा. 'पुराना मंदिर' १९८४ साली आला आणि जोरात चालला. नंतर 'वीराना' (१९८८), 'पुरानी हवेली' (१९८९), 'बंद दरवाजा' (१९९०) असे येत राहिले. १९९३ पासून तुलसी आणि श्याम या भावांनीच 'झी हॉरर शो' घरोघरी नेला. तुलसी २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली.

आणि 'पुराना मंदिर'मधला तो सामरी? ज्याला पाहून आम्ही गोधडीत तोंड खुपसले, ते भूत म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल नावाचे रुडकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर! उंच देह आणि वेगळ्या ठेवणीचा चेहरा यामुळे त्यांना हे काम मिळाले. हे ऐकल्यावर आमची मुलगी म्हणाली, "म्हणजे भुताने परीक्षा पास केली होती?" पोट धरून हसलो.

अशा कमी पैशांच्या सिनेमांना 'बी' म्हणायची रीत अमेरिकेतली. तिथे १९३० च्या दशकात एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत. मोठा तो 'ए', जोडीला दिलेला स्वस्तातला तो 'बी'. तिथल्या एड वूड यांच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' या सिनेमात तबकड्या दोऱ्याला लटकतात आणि धक्का लागला की थडगी हलतात. त्यातले नामांकित नट बेला लुगोसी १९५६ साली वारले, तर उरलेल्या दृश्यांत दुसऱ्याच माणसाने झग्याने तोंड झाकून काम निभावले. १९८० साली एका पुस्तकाने त्याला आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरवले आणि तेव्हापासून लोक तो घरी आणून हौसेने पाहू लागले. म्हणजे फसलेल्या सिनेमावर प्रेम करण्याचा रोग केवळ आमच्या गल्लीला नव्हता.

आजीचे बोलणे

पण एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. 'पुराना मंदिर'ची कथा अशी की, दोनशे वर्षांपूर्वी सामरीचे मुंडके उडवले जाते. मरताना तो राजाच्या घराण्याला शाप देतो की, तुमच्या घरातल्या बायका बाळंतपणात मरतील. सिनेमा त्या शापावरच चालतो.

त्या रात्री आमच्या मागच्या रांगेत शेजारची आजी बसली होती. मिरचीच्या पथारीवर तिचे आयुष्य गेले. तिची थोरली मुलगी तळोद्याकडच्या एका खेड्यात दिली होती आणि ऐन पावसाळ्यात पहिल्या बाळंतपणात गेली. नाल्याला पूर, बैलगाडी अडली, वाटेतच सगळे संपले. तेव्हा सासरकडच्यांनी 'घराण्यालाच लागलेले आहे' असे म्हटले होते आणि कुण्या भगताने त्यावर कोंबडाही घेतला होता, हे वस्तीत सर्वांना माहीत होते.

पडद्यावर शापाचा प्रसंग आला. पोरे किंचाळली. कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "अशी घराणी असतात बरं." तशी आजी उठली. पदर सावरला आणि एवढेच म्हणाली, "शाप-बिप काही नव्हता रे पोरांनो. गाडी नव्हती." आणि घरात निघून गेली.

व्हीसीआर चालूच होता, पण गल्लीत कुणी बोलेना. काकांचा हात फॉरवर्डच्या बटणावर गेला आणि त्यांनी पुढचा बराच भाग पळवला. आम्ही तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे. सामरीची भीती त्या रात्री गेली ती कायमची. मात्र गाडी नसण्याची भीती काय असते ते तेव्हा कळले नाही, पुढे कळले.

पुढे नोकरी लागली, सुट्टीच्या दिवशी मंडळींबरोबर प्रबोधनासाठी अक्कलकुवा, धडगावकडे जाणे सुरू झाले. तिथे 'डाकीण' हा शब्द ऐकला. सिनेमातली चुडैल म्हणजे मेकअप केलेली नटी. सिनेमा संपला की ती तोंड धुऊन घरी जाते. पण गावात ज्या बाईला डाकीण ठरवतात तिला घरही राहत नाही. बहुधा ती विधवा असते, एकटी असते, नाहीतर तिच्या नावावर थोडी जमीन असते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. कायदा आहे, पण तो माहीत असलेला माणूस गावात हवा.

मालेगावचा सुपरमॅन

आता शेजारचीच एक हकीकत. मालेगाव आपल्याला लांब नाही. यंत्रमागांचे गाव, शुक्रवार सुट्टीचा, आणि सुट्टी म्हणजे सिनेमा. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी ठरवले की आपणच सिनेमा काढायचा. 'मालेगाव के शोले'मध्ये घोड्यांना पैसे कुठले? म्हणून डाकू सायकलवर आले! पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. सुपरमॅन कोण, तर शफीक शेख नावाचा हडकुळा यंत्रमाग कामगार. उडण्याच्या दृश्यासाठी हिरवे कापड लावले, हलत्या दृश्यासाठी कॅमेरा सायकलवर चढवला. फैजा अहमद खान यांनी २००८ साली त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि तो जगभर पाहिला गेला. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. शफीक मात्र हे पाहायला राहिला नाही. कर्करोगाने तो आधीच गेला होता.

हा माहितीपट आम्ही घरात सर्वांनी मिळून पाहिला. मुलगी सायकलवरच्या डाकूंना हसली. शफीक गेल्याचे सांगितले तेव्हा गप्प झाली. आम्हाला वाटते, ही माणसे मोठ्या पडद्याची नक्कल करत होती खरी, पण दिवसभर माग चालवून रात्री स्वतःची करमणूक स्वतः तयार करणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या कष्टकऱ्यांच्या पोरांकडे आज प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आहे. मालेगावकरांकडे तेवढेही नव्हते.

घरी पाहताना

व्हीसीआरचा जमाना संपला. जपानची फुनाई कंपनी तो शेवटपर्यंत बनवत होती, तिनेही २०१६ साली काम थांबवले. आता जुने सिनेमे फोनवर, टी.व्ही.वर सहज दिसतात. पाहायला हरकत नाही, उलट मजा येते. अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

१) प्रमाणपत्र आधी पाहावे. 'ए' असेल तर लहानांना बसवू नये. आमचा थोरला एकोणीस वर्षांचा आहे, तो आमच्याबरोबर पाहतो. धाकटीला फक्त गोष्ट सांगतो.

२) एकट्याने पाहू नये, चारजणांत पाहावे. रबराचे नख सुटलेले, भुताच्या पायात बूट, दिवसा चित्रण करून रात्र म्हणून खपवलेली, अशा चुका शोधाव्या. चूक सापडली की भीती पळते.

३) तांत्रिक, मंत्र, त्रिशूळ आले की पोरांना विचारावे, इथे कुणी डॉक्टर का बोलावला नाही? उत्तर त्यांना देऊ द्यावे.

४) बाईला नुसती भूत नाहीतर नुसती शोभेची बाहुली केली असेल, तर तेही बोलून दाखवावे. हसता हसता हे सांगता येते.

पेटीतल्या कॅसेट जपायच्या असतील तर कोरड्या जागी उभ्या ठेवाव्या. बुरशी लागलेली कॅसेट कुठल्याही यंत्रात घालू नये. ती हेडही खराब करते आणि फीतही तुटते. आमची 'पुराना मंदिर' आता चालणार नाही. तरी टाकून दिलेली नाही.

त्या संध्याकाळी आजीची गोष्ट सांगून झाली तेव्हा मुलीने विचारले, "मग आता आहे का गाडी?" आम्ही सांगितले की २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. आणि हेही सांगितले की, आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरपाड्यांत रस्ताच नसल्याने बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून आणल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही आल्या आहेत. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने खडू आणून तिने दारामागे मोठ्या अक्षरांत लिहिले, १०८. खाली शेजारच्या दोन घरांची नावे लिहिली. त्या घरांत यंदा बाळंतपण आहे.

आपणही आपल्या दारामागे लिहून ठेवा. रात्री-अपरात्री शोधत बसायला नको.