दर चढतो पायरीने, मग आलेख तिरपा कशाला?



केडगाव-दौंड पट्ट्यात गुऱ्हाळ टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो: ऊस कितीला पडणार? साखर कारखान्यांसाठी उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार दर हंगामाला ठरवतं. गुऱ्हाळाला हा दर बांधील नसतो, पण शेतकरी तुलना त्याच्याशीच करतो. म्हणून तो डोळ्यासमोर हवा.

10.25 टक्के उताऱ्याला प्रति क्विंटल दर असे आहेत:

2022-23: 305 रुपये
2023-24: 315 रुपये
2024-25: 340 रुपये
2025-26: 355 रुपये

हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होतो. दर त्या दिवशी उडी मारतो आणि वर्षभर तिथेच बसतो. आता साधा रेषेचा आलेख काढला तर काय होतं? 315 पासून 340 पर्यंत तिरपी रेघ जाते आणि एप्रिल 2024 मध्ये दर साधारण 327.50 दिसतो. असा दर कधी नव्हताच! तेव्हा 315 च चालू होता.

यावर उपाय म्हणजे पायरीचा आलेख, अर्थात स्टेप प्लॉट. पायथनमधली मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी फुकट आहे. गूगल कोलॅबमध्ये ती आधीपासून असते, वेगळं काही बसवावं लागत नाही.

करायचं काय?

1. एका यादीत तारखा, दुसऱ्या यादीत दर लिहा.
2. 'प्लॉट' ऐवजी 'स्टेप' हे फंक्शन वापरा.
3. त्यात 'व्हेअर' ला 'पोस्ट' सांगा. म्हणजे दर त्याच्या तारखेपासून पुढे लागू होतो.
4. शेवटी 30 सप्टेंबर 2026 ही तारीख घालून 355 पुन्हा लिहा. नाहीतर शेवटची पायरी आडवी दिसणारच नाही.

तिसरी पायरी विसरू नका. काही सांगितलं नाही तर मॅटप्लॉटलिब 'प्री' धरतं. मग प्रत्येक दर एक हंगाम आधीच लागू झालेला दिसतो; 2023-24 मध्येच 340! 'मिड' दिलं तर उडी दोन तारखांच्या मधोमध पडते. आपल्याला दोन्ही नकोत.

फरक किती पडतो?

साधारण 10 क्विंटल उसातून 1 क्विंटल गूळ धरा. उसाचा दर 25 रुपयांनी चुकीचा वाचला, तर गुळाचा हिशोब क्विंटलमागे 250 रुपयांनी, म्हणजे किलोला अडीच रुपयांनी चुकतो. एक टनाच्या ऑर्डरला 2,500 रुपये! तुम्ही भाव चढा सांगता आणि गिऱ्हाईक शेजारच्या गुऱ्हाळावर जातं.

हीच पद्धत दुकानभाडं, मजुरी, वीजदर आणि गोदामातला शिल्लक माल यांनाही लागू पडते. जे टप्प्याने बदलतं, ते पायरीनेच काढायचं. तापमानासारखं हळूहळू बदलणारं असेल तर साधी रेघ ठीक.

आज एवढंच करा: तुमच्या धंद्यातला टप्प्याने बदलणारा एक खर्च निवडा, गेल्या तीन वर्षांच्या तारखा-दर लिहा आणि पायऱ्या काढून बघा. पुढचा भाव सांगण्याआधी!