वस्तूची नोंद आणि वस्तूचा वृत्तान्त

संग्रहालयात आलेल्या वस्तूला प्रथम एक क्रमांक मिळतो, दाखल नोंदवहीत तिच्यासाठी एक ओळ राखली जाते आणि त्या ओळीच्या रकान्यांत वस्तूचे नाव, माध्यम, मोजमाप, काळ, सापडल्याचे ठिकाण आणि ती संग्रहालयाकडे कशी आली याचा तपशील लिहिला जातो. ही पद्धत जुनी आहे आणि तिचे उपकार मोठे आहेत, कारण अशी ओळ नसलेली वस्तू हरवली तर ती कधी होती हेही सिद्ध करता येत नाही. संगणक आल्यावर बहुतेक संग्रहालयांनी हीच ओळ जशीच्या तशी पडद्यावर आणली. कागदी रकान्याच्या जागी डिजिटल रकाना आला, त्याच्या शेजारी छायाचित्र जोडले गेले आणि या कामाला डिजिटल दस्तऐवजीकरण हे नाव मिळाले. मात्र रकान्याची मूळ मर्यादा तशीच राहिली. ‘काळ’ या रकान्यात एकच उत्तर मावते. ते उत्तर कोणी दिले, कशाच्या आधारे दिले आणि दुसऱ्या कोणी ते नाकारले आहे काय, हे सांगायला त्यात जागा नसते. वारशाच्या वस्तूंच्या बाबतीत हीच माहिती सर्वांत मोलाची असते. गेल्या तीन दशकांत ‘अर्थाधिष्ठित प्रतिमानीकरण’ या नावाने जी विद्याशाखा उभी राहिली, म्हणजे वस्तूविषयीच्या ज्ञानातील घटक आणि त्यांचे परस्परसंबंध यंत्रालाही उलगडतील अशा निश्चित रूपात मांडण्याचे जे शास्त्र आकाराला आले, त्याचे महत्त्व नेमके येथे आहे.

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी महाराष्ट्रात दायमाबादच्या ब्राँझमूर्तींइतके बोलके उदाहरण दुसरे नसावे. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या पुरातत्त्वस्थळावर १९७४ मध्ये एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार मूर्ती सापडल्या: दोन बैल जोडलेला आणि आत उभा सारथी असलेला सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ, चाकांच्या बैठकीवर उभा असलेला रानरेडा, तशाच बैठकीवरील पण चाके हरवलेला हत्ती आणि चाकांच्या आसांवर उभा गेंडा. चारही मूर्ती भरीव ओतकामाच्या असून त्यांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक भरते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने या स्थळावर १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव आणि त्यानंतर १९७८-७९ पर्यंत एस. ए. साळी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले आणि सावळदा संस्कृतीपासून जोर्वे संस्कृतीपर्यंतचा थरांचा क्रम निश्चित केला. परंतु मूर्ती शास्त्रीय उत्खननात सापडलेल्या नसल्याने त्या कोणत्या थरातल्या हा प्रश्न त्या क्रमाने आपोआप सुटत नाही. राव, साळी आणि म. के. ढवळीकर यांनी परिस्थितीजन्य पुराव्यावरून त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी २००० च्या आसपासच्या, मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळल्याकडे लक्ष वेधले आणि ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत असे मिश्रण दिसत नसल्याने त्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातील असू शकतील, असा तर्क मांडला. या दोन मतांमध्ये हजार वर्षांहून मोठे अंतर आहे. शिवाय चार मूर्तींची मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय अशी विभागणी झाल्याने एकाच वेळी मातीतून वर आलेल्या वस्तू दोन वेगळ्या नोंदवह्यांत गेल्या आहेत.

रकान्यांच्या पत्रिकेत हे सारे कसे लिहावे? ‘काळ: उत्तर हडप्पा’ असे लिहिले की अग्रवालांचा आक्षेप पुसला जातो, प्रश्नचिन्ह घातले तर शंका कोणाची आणि कशावर आधारलेली हे कळत नाही, आणि वर्णनाच्या रकान्यात दोन परिच्छेद लिहिले तर माणसाला ते वाचता येतात, पण आर्सेनिकच्या आधारे ज्यांचा काळ वादग्रस्त ठरला आहे अशा वस्तू शोधून देण्यास सांगितले असता संगणक त्यातून काहीही काढू शकत नाही.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या दस्तऐवजीकरण समितीने, म्हणजे ‘सिडॉक’ने, १९९६ मध्ये ज्या प्रतिमानाचे काम हाती घेतले त्याची मांडणी याच अडचणीतून झाली. ‘सिडॉक सीआरएम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संकल्पनात्मक संदर्भ-प्रतिमानाला २००६ मध्ये आयएसओ २११२७ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. क्रीट बेटावरील हेराक्लिऑन येथील ‘फोर्थ’ या संशोधनसंस्थेतील मार्टिन डोअर यांचा त्याच्या जडणघडणीत मोठा वाटा आहे. त्याची मध्यवर्ती कल्पना थोडक्यात सांगता येते: वस्तूला थेट गुणधर्म चिकटवण्याऐवजी तिच्या आयुष्यातील घटना नोंदवाव्यात आणि माणसे, स्थळे, काळ व वस्तू यांची गाठ त्या घटनांच्या ठायी घालावी. मूर्ती ‘अमक्या शतकातली’ आहे असे न लिहिता ओतकामाची एक घटना घडली, ती अमुक काळाच्या अवधीत घडली, तिच्यातून ही वस्तू निर्माण झाली, असे लिहिले जाते. पुढे जमिनीत गाडले जाणे, सापडणे, ताबा बदलणे, मालकी बदलणे, मोजमाप घेतले जाणे आणि डागडुजी होणे या प्रत्येकाची स्वतंत्र घटना होते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही, कारण सातबारा उतारा जमिनीची आजची स्थिती दाखवतो आणि ती स्थिती वारस, खरेदी किंवा वाटणी यांपैकी कशाने आली हे फेरफार नोंदवहीत पाहावे लागते. संग्रहालयांकडे आजवर सातबारा होता, या प्रतिमानाने त्यांना फेरफाराची वही दिली. गावच्या मनुष्याला सापडलेल्या वस्तूच्या बाबतीत याचा आणखी एक न्याय्य परिणाम होतो. सापडण्याची घटना नोंदवली की ती वस्तू शोधणाऱ्यालाही त्या घटनेचा कर्ता म्हणून नोंदीत जागा मिळते, जी रकान्यांच्या पत्रिकेत त्याला सहसा मिळत नाही.

प्रतिमानात वर्गांची संख्या ऐंशीच्या आसपास आणि त्यांना जोडणाऱ्या संबंधांची दीडशेहून अधिक आहे. प्रत्येक विधान तीन पदांचे असते: कर्त्याच्या जागी एक गोष्ट, मध्ये संबंध आणि शेवटी दुसरी गोष्ट. ‘ही ओतकामाची घटना – निर्माण करते – हा रथ’ हे असे एक त्रिपद होय. अशी विधाने लिहिण्याची सर्वमान्य रीत, आरडीएफ, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्ये शिफारशीच्या रूपात प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक गोष्टीला जगात एकमेव असे कायमचे ओळखचिन्ह दिले जाते. मुंबईच्या नोंदीतील ‘दायमाबादचा १९७४ चा शोध’ आणि दिल्लीच्या नोंदीतील तोच शोध यांनी एकच ओळखचिन्ह वापरले की, दोन्ही संस्थांच्या संगणकप्रणाली वेगळ्या असल्या तरी, चार मूर्ती ज्ञानाच्या पातळीवर पुन्हा एकत्र येतात. येल विद्यापीठाने आपली संग्रहालये, ग्रंथालये आणि दप्तरे यांचा ‘लक्स’ हा एकत्रित शोधमंच २०२३ मध्ये खुला केला; तो सीआरएमच्याच ‘लिंक्ड आर्ट’ नावाच्या सुटसुटीत उपयोजनावर उभा आहे.

वादाची नोंद करण्यासाठी या प्रतिमानात ‘गुणधर्म-आरोपण’ नावाचा वर्ग आहे. त्यानुसार वस्तूचा काळ ठरवणे हीसुद्धा एक घटना मानली जाते, तिला कर्ता असतो, तारीख असते आणि आधार असतो. राव, साळी व ढवळीकर यांचे काळनिर्धारण आणि अग्रवालांचे काळनिर्धारण अशा दोन्ही घटना एकाच मूर्तीला जोडलेल्या राहू शकतात आणि अग्रवालांच्या दाव्याला धातुपृथक्करणाची मोजणी जोडता येते. पुराव्यापासून निष्कर्षापर्यंतच्या युक्तिवादाची पायरी न् पायरी लिहिण्यासाठी ‘सीआरएम-इन्फ’ हा स्वतंत्र विस्तार तयार झाला आहे. नोंदपत्रिकेतील कोणतेही वाक्य हे कोणीतरी केलेले विधान असते हे सत्य या मांडणीत लपत नाही. वारशाच्या क्षेत्रात, जेथे शासकीय फलकावरील एक ओळ पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानली जाते, तेथे ही शिस्त संगणकाहूनही अधिक मोलाची आहे.

काळाच्या नोंदीचा प्रश्न मराठी साधनांच्या बाबतीत आणखी बारीक होतो. शिलालेखातील शके वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे ते इसवी सनाच्या दोन वर्षांवर पसरते. तिथी दिलेली नसेल तर ७८ मिळवावेत की ७९ हे ठरत नाही, आणि वर्ष ‘गत’ आहे की ‘वर्तमान’ हा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. एकच आकडा मागणारा रकाना लेखनिकाला अंदाज करायला भाग पाडतो आणि तो अंदाज पुढे तथ्य म्हणून फिरतो. सीआरएममध्ये काळाच्या अवधीला बाहेरची आणि आतली अशा दोन्ही सीमा असतात: घटना या मर्यादेच्या बाहेर घडलेली नाही, आणि या आतल्या अवधीत ती निश्चित चालू होती. त्यामुळे मूळ लेखातील शक, संवत्सर आणि तिथी जशीच्या तशी राखून तिचा अर्थ अनिश्चिततेसह मांडता येतो.

प्रतिमान झाले तरी नावांचा प्रश्न उरतोच, आणि तो नियंत्रित शब्दसंग्रहांनी सोडवावा लागतो. गेट्टी संस्थेचा कला व वास्तुकलेचा परिभाषाकोश २०१४ मध्ये जोडणीयोग्य खुल्या विदेच्या रूपात उपलब्ध झाला आणि जगभरच्या संग्रहालयांनी त्याचा आधार घेतला. परंतु वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ, दीपमाळ, टाक यांचे सूक्ष्म प्रकार अशा कोशात पुरेशा बारकाईने मिळतील अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. गधेगाळ ही दानपत्राचा भंग करणाऱ्याला शाप देणारी शिळा आहे. तिला केवळ ‘कोरीव दगड’ म्हटले तर शिलाहार आणि यादव काळातील दानव्यवहाराचा एक पुरावाच शोधयादीतून नाहीसा होतो. मराठीत मूर्तिशास्त्राची, पुरालेखविद्येची आणि लोकदैवतांची परिभाषा समृद्ध आहे. तिची व्यापक आणि विशिष्ट संज्ञांच्या उतरंडीत मांडणी करून कानडी, तमिळ व गुजराती प्रतिशब्दांशी सांधा जोडणे हे महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आणि संशोधनसंस्थांनी तातडीने हाती घेण्यासारखे काम आहे.

नोंदीबरोबरच प्रतिमाग्रहणाची साधनेही गेल्या काही दशकांत विलक्षण पुढे गेली. अनेक कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून त्रिमिती आकृती उभारणारी छायामिती, पृष्ठभाग बिंदुबिंदूने टिपणारे लेझर क्रमवीक्षण आणि वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकून झिजलेली अक्षरे उजळवणारे प्रतिमातंत्र यांमुळे ताम्रपट आणि शिलालेख वाचण्याची नवी सोय झाली. तथापि त्रिमिती प्रतिकृती कोणत्या यंत्राने, कोणत्या दिवशी, किती अचूकतेने घेतली आणि तिच्यातील पोकळ जागा संगणकाने कशा भरल्या हे नोंदलेले नसेल, तर काही वर्षांनी तिच्यातला मूळ दगड किती आणि अनुमान किती हे सांगता येत नाही. ‘सीआरएम-डिग’ हा विस्तार डिजिटल प्रतिमेच्या निर्मितीचीही घटना म्हणून नोंद करतो, आणि वारशाच्या संगणकीय दृश्यांकनाविषयी २००६ मध्ये तयार झालेल्या लंडन सनदेने प्रतिकृतीमागील निर्णयांची टिपणे जपण्याचा आग्रह धरला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला एप्रिल २०१६ मध्ये लागलेल्या आगीनंतर अशा नोंदींची निकड वेगळी पटवून द्यावी लागू नये.

चोरीच्या प्रकरणांत तर नोंद हाच न्यायालयीन पुरावा ठरतो. तमिळनाडूतील श्रीपुरंथान येथील मंदिरातून चोरीला गेलेला नटराज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला होता. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९४ मध्ये त्याच मंदिरात घेतलेल्या छायाचित्राशी तो जुळला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने तो भारताला परत केला. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ ने विशिष्ट पुरावशेषांची नोंदणी बंधनकारक केली आहे. मात्र गावोगावच्या देवळांत आणि पारांवर असलेल्या असंख्य मूर्तींचे एखादे छायाचित्रही कोठे नसते, आणि ज्याची आधीची नोंद नाही त्यावर परदेशात हक्क सांगणे अत्यंत कठीण जाते.

भारतात या दिशेने झालेल्या कामात पुण्याच्या सी-डॅकने, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्राने, विकसित केलेल्या ‘जतन’ या संगणकप्रणालीचा उल्लेख आदराने करावा लागतो. तिच्या आधारे दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे भारतीय संग्रहालय, हैदराबादचे सालारजंग, मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला दालन आणि गोव्याचे पुरातत्त्व संग्रहालय अशा दहा संग्रहालयांच्या वस्तू एका दालनात पाहता येऊ लागल्या, आणि तोवर कपाटांत बंद असलेल्या नोंदी सामान्य वाचकापर्यंत पोहोचल्या. तेथे वाचकाला दिसणारी पत्रिका मात्र अजून रकान्यांचीच आहे: मुख्य माध्यम, निर्मितितंत्र, मुख्य कलावंत, उगमस्थान, सापडल्याचे ठिकाण, राजवंश. ज्या वस्तूंचा कर्ता कधीच ज्ञात नव्हता त्यांच्यापुढेही ‘मुख्य कलावंत’ हा रकाना उभा राहतो. या पत्रिकांचे घटनाकेंद्री विधानांत रूपांतर करणे तंत्रदृष्ट्या शक्य आहे, कारण सीआरएमची रचनाच जुन्या विदासंचांचे मानचित्रण करून त्यांना जोडून घेण्यासाठी झाली आहे. जुन्या प्रणाली मोडीत काढाव्या लागत नाहीत.

अडचण तंत्राहून मनुष्यबळाची अधिक आहे. घटनाकेंद्री नोंद करायला वेळ लागतो, जुन्या नोंदवहीतील मोडी किंवा इंग्रजी शेरे उकलावे लागतात, पत्रव्यवहार आणि उत्खनन अहवाल ताडून पाहावे लागतात, आणि हे काम करणारी व्यक्ती पुरातत्त्व, भाषा व विदारचना या तिन्हींत मुरलेली असावी लागते. पुरातत्त्वाचे शिक्षण देणारे डेक्कन कॉलेज आणि सी-डॅक एकाच शहरात, पुण्यात आहेत. पुरातत्त्वाच्या अभ्यासक्रमात विदाप्रतिमानाचा आणि संगणकाच्या अभ्यासक्रमात पुराव्याच्या चिकित्सेचा अंतर्भाव करण्यास भौगोलिक अडथळा कोणताही नाही. प्रारंभ लहान संग्रहापासून करणे शहाणपणाचे ठरेल: एका जिल्हा संग्रहालयातील ताम्रपट किंवा एका तालुक्यातील वीरगळ घ्यावेत, प्रत्येकाला कायमचे ओळखचिन्ह द्यावे, आजवर त्यांच्याविषयी कोणी काय म्हटले ते कर्त्यासह आणि आधारासह लिहावे, आणि चोरीचा धोका असलेल्या उघड्यावरील मूर्तींचे नेमके स्थान सार्वजनिक प्रतीतून वगळून अधिकृत प्रतीत राखावे. मूळ नोंदवह्यांची पाने त्याआधी क्रमवीक्षित करून घ्यावीत, कारण शाई फिकी होत चाललेल्या त्या पानांवरच्या शेऱ्यांतच वस्तू कोणाच्या हातून आणि कोठून आली याचा अनेकदा एकमेव पुरावा असतो.